शिकवायला कुणी तयार होईना, म्हणून पठ्ठ्यानं विमानच विकत घेतलं : टस्कीगीच्या ‘चीफ’ अँडरसन यांची गोष्ट

टस्कीगी हे नाव आपल्याकडं नवं नाही. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आलं आणि शाळेच्या कपाटातून, बक्षीस समारंभातून ते गावोगाव पोचलं. भुईमूग आणि रताळ्यावर आयुष्य घालवणारे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ज्या संस्थेत राहिले, ती ही टस्कीगी. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या पोरांना हाताला काम आणि डोक्याला शिक्षण मिळावं म्हणून बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये ती उभारली.

पण त्याच टस्कीगीत, कार्व्हर हयात असतानाच, आणखी एक मास्तर आला होता. त्याची शाळा मात्र जमिनीवर भरत नव्हती. चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन हे त्याचं नाव. पोरं त्याला नुसतं ‘चीफ’ म्हणायची. या माणसानं आयुष्यभर एकच काम केलं, नवख्या पोरांना छोटी विमानं उडवायला आणि, त्याहून अवघड म्हणजे, धड खाली उतरवायला शिकवलं.

आपल्या धुळ्याला किंवा शिरपूरला ज्यांनी शिकाऊ विमानं घिरट्या घालताना पाहिली आहेत, त्यांनी एक गोष्ट नक्की हेरली असेल. ते विमान लांब कुठं जात नाही. उठतं, चौकोनी फेरी मारतं, उतरतं, पुन्हा उठतं. दिवसभर तेच. बघणाऱ्याला वाटतं, हे काय चाललंय? तर ते उतरणं शिकणं चाललेलं असतं. उडवायला पोरगं लवकर शिकतं, पण उतरवायला फेऱ्यांवर फेऱ्या लागतात.

चार्ल्सचा जन्म ९ फेब्रुवारी १९०७ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रिन मॉर गावचा. काही काळ तो व्हर्जिनिया राज्यात स्टॉन्टन इथं आजीकडं वाढला. लहानपणापासून एकच वेड, विमान. आसपास कुठं विमान उतरलं अशी नुसती कुणकुण लागली, की हा घरातून पळालाच. घरचे शोधून शोधून थकायचे.

आता त्या काळची अमेरिका समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. कातडीचा रंग काळा असेल तर शाळा वेगळी, डबा वेगळा, नळ वेगळा. हे आपल्याला काही फार समजावून सांगायला नको. एक गाव एक पाणवठा ही चळवळ आपल्याच राज्यात करावी लागली होती. विमानाच्या बाबतीत तर कहरच होता. १९२५ साली अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजनं एक अहवाल तयार केला. काळ्या माणसात धैर्य कमी, बुद्धी कमी, तो किचकट यंत्र चालवण्याच्या लायकीचा नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. शास्त्राचा आव आणलेला शुद्ध भेदभाव होता तो. पण पुढची पंधरा वर्षं लष्कराचं धोरण त्याच वाटेनं चाललं.

खासगी शाळांचीही तीच तऱ्हा. बेसी कोलमन या काळ्या तरुणीला अमेरिकेत कुणी शिकवेना, तेव्हा ती फ्रेंच भाषा शिकून थेट फ्रान्सला गेली आणि १९२१ साली परवाना घेऊन परत आली. पाच वर्षांत, १९२६ मध्ये, ती विमान अपघातात गेली. चार्ल्स तेव्हा १९ वर्षांचा होता.

त्यानंही शाळांचे उंबरठे झिजवले. पैसे देतो म्हटलं तरी नकार. भाड्यानं विमान मागितलं, तेही नाही. मग या पोरानं वेगळंच डोकं लावलं. शिकवत नाहीत ना, राहू दे. भाड्यानं देत नाहीत ना, तेही राहू दे. स्वतःचंच विमान असेल तर अडवणार कोण? वयाच्या २२ व्या वर्षी घरच्यांकडून, मित्रांकडून उसनंपासनं करून त्यानं २,५०० डॉलर उभे केले आणि दोन माणसं बसतील असं मोनोकूप जातीचं विमान विकत आणलं. विमान आलं, पण चालवता येत नव्हतं! गाडी दारात आणि लायसन्सचा पत्ता नाही, तशी गत.

सुरुवातीला तो ते नुसतं मैदानावर इकडून तिकडं पळवायचा. विमानतळावरचे गोरे वैमानिक आपसात बोलायचे, तेव्हा कान देऊन ऐकायचा. कोण उतरताना कसा चुकला, कुणाचं चाक का मोडलं, हेच त्याचं पुस्तक. मग थोडी उडी, मग थोडी मोठी उडी. हे वाचून कुणी अनुकरण करू नये, जीव जाऊ शकतो. त्याचाही जाऊ शकला असता.

पुढं रसेल थॉ नावाचा एक वैमानिक भेटला. याच्याकडं परवाना होता, विमान नव्हतं. चार्ल्सकडं विमान होतं, परवाना नव्हता. थॉची आई अटलांटिक सिटीला राहायची, तिला भेटायला त्याला विमान हवं असायचं. सौदा जमला. थॉ विमान चालवणार, चार्ल्स शेजारी बसून बघणार. अशा फेऱ्यांतून त्याचा हात बसला आणि १९२९ मध्येच त्याला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला.

पण खासगी परवान्यावर पोट भरत नाही. पैसे घेऊन लोक न्यायचे, दुसऱ्यांना शिकवायचं, तर त्यावरचा परवाना पाहिजे. इथं त्याला अर्न्स्ट ब्यूल भेटला. हा मूळचा जर्मन, पहिल्या महायुद्धात विमान चालवलेला, नंतर अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला. त्यानं या पोराला नीट, शिस्तीत शिकवलं. परीक्षा घेणाऱ्यानं काळा उमेदवार पाहून खळखळ केली, तेव्हा ब्यूल त्याच्या बाजूनं उभा राहिला. १९३२ मध्ये अँडरसन यांना तो वरचा परवाना मिळाला. अमेरिकेत तो मिळवणारे ते पहिले काळे वैमानिक.

याच सुमारास अटलांटिक सिटीचे डॉक्टर आल्बर्ट फोर्साइथ त्यांच्याकडं शिकायला आले. हेही काळे, पेशानं सर्जन, आणि डोक्यात मोठ्या योजना. दोघांनी ठरवलं, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. जुलै १९३३ मध्ये ते अटलांटिक सिटीहून निघाले, लॉस एंजेलिसला पोचले आणि त्याच महिन्यात परत आले. रेडिओ नाही, उतरायचे दिवे नाहीत, पॅराशूट नाही. वाट शोधायला मोटारवाले वापरतात तसला रस्त्यांचा नकाशा. काळ्या वैमानिकांनी केलेला हा पहिला आरपार आणि परतीचा प्रवास होता.

पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, दोघं आणखी पुढं गेले. नव्या विमानाला नाव दिलं ‘स्पिरिट ऑफ बुकर टी. वॉशिंग्टन’ आणि कॅरिबियन बेटांकडं निघाले. बहामामधल्या नासाऊला तेव्हा चाकाच्या विमानासाठी मैदानच नव्हतं. तिथं यायची ती पाण्यावर उतरणारी विमानं. हे दोघं पोचले तेव्हा अंधार पडलेला. मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात अँडरसन यांनी विमान कच्च्या रस्त्यावर उतरवलं. अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणा. खाली समुद्र, पुढं दोन दिव्यांची ओळ, आणि चुकलं तर दुसरी जागा नाही. पुढं त्रिनिदादला मात्र नशिबानं साथ सोडली. आखूड मैदानावरून उठताना विमानाला पुरेशी उंची घेता आली नाही आणि ते कोसळलं. दोघं वाचले. दौरा तिथंच संपला.

माझ्या मते अँडरसन पुढं मास्तर म्हणून जे झाले, त्याचं मूळ या दोन जागांत आहे. नासाऊचा रस्ता आणि त्रिनिदादचं मैदान. आखूड जागेत काय होतं हे त्यांना कुणी फळ्यावर लिहून सांगितलं नव्हतं.

तर १९३९ साल उजाडलं. युरोपात युद्धाची चिन्हं दिसत होती आणि अमेरिकेकडं वैमानिक कमी. सरकारनं कॉलेजच्या पोरांना विमान शिकवायची योजना काढली. कायद्यात एक कलम घातलं गेलं, की रंगावरून कुणाला वगळायचं नाही. त्यामुळं काळ्या पोरांच्या काही कॉलेजांनाही योजना मिळाली. अँडरसन आधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले, आणि १९४० मध्ये टस्कीगीनं त्यांना बोलावून घेतलं. हुद्दा होता मुख्य विमान प्रशिक्षक. मुख्य म्हणजे इंग्रजीत ‘चीफ’. ते नाव मरेपर्यंत चिकटलं.

टस्कीगीत विमानतळ म्हणावं असं काही नव्हतंच. सुरुवातीला पोरांना ४० मैल लांब माँटगोमेरीला जाऊन शिकावं लागायचं. तास-दीड तास जायला, तितकाच यायला, अभ्यास वर. मग संस्थेनं जवळचं एक मैदान भाड्यानं घेतलं. केनेडी फील्ड त्याचं नाव. ते उडण्याजोगं करायला विद्यार्थ्यांनीच श्रमदान केलं. आपल्याकडं श्रमदानातून बंधारा होतो, तसं यांनी विमानाचं मैदान केलं. सिमेंटची पट्टी वगैरे काही नाही. गवत, लाल माती आणि कडेला झाडं.

शिकायला होती पिवळी पायपर कब विमानं. हे विमान समजून घेण्यासारखं आहे. सांगाडा नळ्यांचा, वर कापड ताणून रंग दिलेला. इंजिन ६५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, म्हणजे आजच्या मोठ्या ट्रॅक्टरएवढं. सेल्फ स्टार्टर नाही, पुढचा पंखा हातानं फिरवून चालू करायचं. दोन सीट, एकामागं एक. गंमत म्हणजे मास्तर पुढं बसतो आणि शिकणारा मागं! एकट्यानं उडवायचं तेव्हाही मागच्याच सीटवर बसायचं, कारण वजनाचा तोल तसा आहे. म्हणजे नवख्या पोराला समोर काय दिसतं, तर मास्तरांचं डोकं आणि पाठ. त्याच्या कडेनं डोकावून जमीन बघायची.

तिसरं चाक पुढं नाही, शेपटीखाली. यानं सगळा खेळ बदलतो. विमानाचं वजन मोठ्या चाकांच्या मागं पडतं. उतरताना जरा तिरकं टेकलं, की मागची बाजू पुढं यायला बघते. ट्रॉली रिव्हर्स घेताना कशी भलतीकडंच वळते, तसं. पायातल्या पेडलनं क्षणाक्षणाला सरळ ठेवावं लागतं. जरा ढिलं पडलं, की विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं.

आणि आता मूळ मुद्दा, आखूड जागेत उतरायचं कसं. इथं नवखं पोरगं हमखास एकाच ठिकाणी चुकतं. उंची जास्त झाली असं वाटलं, की ते विमानाचं नाक खाली दाबतं. नाक खाली गेलं की वेग वाढतो. वाढलेला वेग जमिनीजवळ आल्यावर संपत नाही. विमान हातभर वरून तरंगतच राहतं, तरंगतच राहतं, आणि अर्धं मैदान मागं निघून जातं. समोरची झाडं मोठी दिसू लागतात. मग घाईत विमान जमिनीवर आपटायचा मोह होतो, ते उसळी मारतं आणि गोष्ट आणखी बिघडते.

उलटी चूक याहून वाईट. मैदानापर्यंत पोचत नाही असं दिसलं, की पोरगं नाक वर ओढतं. वाटतं, वर ओढलं की वर जाईल. तसं होत नाही. वेग आधीच कमी असतो, तो आणखी पडतो, पंखाखालची हवा त्याला धरून ठेवत नाही आणि विमान दगडासारखं खाली येतं. जमीन जवळ असल्यानं सावरायला जागा नाही. शिकाऊ वैमानिकांचे जीव असेच गेले आहेत.

म्हणून मास्तरला पोराच्या हातात दोन गोष्टी मुरवाव्या लागतात. एक, नाक हे वेगासाठी आहे, ते एका जागी धरून वेग बांधून ठेवायचा. दोन, कमी पडतंय वाटलं तर इंजिनाला जरा जोर द्यायचा, नाक ओढायचं नाही. आणि जास्त उंची झाली तर? कबला आजच्यासारखे पंखाचे फ्लॅप नाहीत. तिथं एक जुनी युक्ती आहे, विमान मुद्दाम तिरकं करायचं. हातानं एका बाजूला झुकवायचं आणि पायानं नाक दुसरीकडं धरायचं. विमान हवेला अंग आडवं लावून सरकत खाली येतं, पण वेग वाढत नाही. झाडांच्या शेंड्यावरून येऊन लगेच खाली बसायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. टेकायच्या आधी मात्र वेळेवर सरळ करायचं.

वारा समोरून घ्यायचा, हे तर पहिलं. ताशी १० मैलांचा वारा समोरून असला, की जमिनीच्या हिशोबानं विमान तितकंच हळू येतं आणि लवकर थांबतं. पाठीमागून घेतला तर तोच वारा वैरी. शेवटी जमिनीच्या अगदी लगत इंजिन मंद, नाक हळूहळू वर, वेग संपेपर्यंत धरून ठेवायचं आणि तिन्ही चाकं एकदम टेकवायची. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. हातात यायला शेकडो वेळा करावं लागतं.

आणि या सगळ्याच्या वरची शिकवण म्हणजे, बिघडलंय असं वाटलं तर उतरायचा हट्ट सोडून पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं. फेरी मारायची, पुन्हा यायचं. तरुण पोराला यात कमीपणा वाटतो. मास्तर बघतोय, मित्र खाली उभे आहेत. टस्कीगीच्या पोरांवर तर आणखी एक ओझं होतं. त्यांच्यातला एक जरी आपटला, तरी लगेच म्हणायला लोक टपलेले होते, की बघा, आम्ही सांगत होतो, यांना जमणार नाही. गोऱ्या पोराचं विमान मोडलं तर ते एका पोराचं अपयश. यांचं मोडलं तर अख्ख्या समाजाचं. हे ओझं घेऊन हात हलका ठेवायचा, हे शिकवणं सोपं नसणार.

मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर टस्कीगीला आल्या. रोझनवाल्ड फंड नावाच्या धर्मादाय संस्थेच्या त्या विश्वस्त होत्या, त्याची बैठक होती. मैदानावर त्यांची अँडरसन यांच्याशी गाठ पडली. काळ्या माणसाला विमान चालवता येत नाही असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, आणि इथं तर तो समोर उभा. मला एक फेरी मारून आणता का, असं त्यांनी विचारलं. सोबतच्या सुरक्षारक्षकांचे चेहरे उतरले. त्यांनी अडवून बघितलं. बाई ऐकेनात. त्या सरळ विमानात जाऊन बसल्या. अँडरसन यांनी त्यांना फिरवून आणलं आणि सुखरूप उतरवलं. विमानात मागं बसलेल्या हसऱ्या एलिनॉर आणि पुढं अँडरसन, हा फोटो देशभर गाजला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या एका फेरीमुळं काळ्या वैमानिकांची तुकडी निघाली, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हिडिओंत सांगतात. तसं नाही. तुकडी काढायची घोषणा लष्करानं जानेवारी १९४१ मध्येच केली होती, आणि त्यामागं काळ्या लोकांच्या संघटनांचा, वर्तमानपत्रांचा कित्येक वर्षांचा रेटा होता. पण फेरीचा उपयोग झाला तो पैशाला. रोझनवाल्ड फंडानं १,७५,००० डॉलर कर्जाऊ दिले आणि त्यातून नवं मोठं मैदान उभं राहिलं. टस्कीगीचे दुसरे प्राचार्य रॉबर्ट मोटन यांचं नाव त्याला दिलं, मोटन फील्ड. तेही गवताचंच.

काळ्या समाजातले सगळे या योजनेवर खूश होते असंही नाही. वेगळी तुकडी, वेगळा तळ म्हणजे पुन्हा वेगळा पाणवठाच की, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. टस्कीगीवाल्यांचं म्हणणं, आधी दार तर उघडू द्या.

जुलै १९४१ मध्ये १३ जणांची पहिली तुकडी दाखल झाली. पहिला टप्पा मोटन फील्डवर, अँडरसन आणि त्यांच्या हाताखालच्या प्रशिक्षकांकडं. इथं विमान मोठं, स्टिअरमन, दोन पंख एकावर एक, बसायची जागा उघडी. प्रशिक्षक रबराच्या नळीतून बोलायचा आणि नळीचं दुसरं टोक पोराच्या कानाला. नळी एकाच दिशेची. मास्तर ओरडू शकतो, पोरगं उत्तर देऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये गॉसपोर्टच्या शाळेत पहिल्या महायुद्धात ही नळी निघाली, म्हणून तिला गॉसपोर्ट म्हणायचे. आपल्याकडच्या कित्येक मास्तरांना अशी नळी आवडली असती!

इथं पास झालेली पोरं पुढं लष्कराच्या मोठ्या तळावर जायची, तिथले अधिकारी गोरे. गळती मोठी होती. पहिल्या तुकडीतल्या १३ पैकी पाच जणच ७ मार्च १९४२ ला वैमानिक म्हणून बाहेर पडले. त्यातले एक बेंजामिन डेव्हिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त कुणी एक शब्द बोललं नव्हतं, वाळीतच टाकलं होतं. तो माणूस पुढं या तुकडीचा प्रमुख झाला.

युद्ध संपेपर्यंत टस्कीगीतून जवळपास १,००० वैमानिक तयार झाले. त्यांच्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवलेल्या असत. इटलीतून उडून ते बॉम्बर विमानांना राखण द्यायचे. त्यांच्या राखणीत एकही बॉम्बर पडलं नाही, अशी दंतकथा पुढं पसरली. लष्कराची कागदपत्रं तपासल्यावर २७ पडल्याचं निघालं. पण तेच काम करणाऱ्या बाकीच्या तुकड्यांची सरासरी ४६ होती. दंतकथेपेक्षा मला हा खरा आकडाच जास्त मोलाचा वाटतो. १९२५ च्या त्या अहवालाला याच्याइतकं चोख उत्तर नाही. २६ जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात रंगावरून भेद करायचा नाही असा आदेश काढला.

अँडरसन स्वतः लढाईला कधी गेले नाहीत. ते मोटन फील्डवरच राहिले. शिकवून गेलेल्यांतले काही परत आले, काही नाही. त्यांच्याकडं टस्कीगीत शिकलेला एक दांडगा पोरगा, डॅनियल जेम्स, १९७५ मध्ये अमेरिकेचा पहिला काळा चार तारेवाला जनरल झाला.

युद्धानंतर बाकीच्यांची दशा काय झाली, तेही ऐका. जर्मन विमानांशी लढून आलेल्या या वैमानिकांना प्रवासी विमान कंपन्या दारात उभं करेनात. एका काळ्या वैमानिकाला कोर्टात लढावं लागलं आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूनं लागला, तेव्हा कुठं ते दार किलकिलं झालं. अठरा वर्षं गेली मध्ये.

अँडरसन यांनी टस्कीगी सोडलं नाही. मोठ्या तळावरची लष्कराची गर्दी ओसरली, तरी मोटन फील्डवर त्यांचं शिकवणं चालू राहिलं. काळी पोरं येत, गोरीही येत. ज्या राज्यात बसमध्ये कुणी कुठं बसायचं यावरून माणसं तुरुंगात जात होती, तिथं छोट्या विमानात गोरा पोरगा मागं आणि काळा मास्तर पुढं बसत होता. १९६७ मध्ये काही सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी काळ्या वैमानिकांची संघटना काढली, निग्रो एअरमेन इंटरनॅशनल, आणि उन्हाळी सुट्टीत मुलांना विमानाची ओळख करून देणारे वर्ग सुरू केले. सत्तरी ओलांडली तरी ते विमानात बसत होते.

१३ एप्रिल १९९६ ला टस्कीगीतच, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्या चेहऱ्याचं ७० सेंटचं तिकीट काढलं, डोक्यावर वैमानिकाची टोपी. मोटन फील्डची जुनी शेड आता राष्ट्रीय स्मारक आहे. शेजारी गावाचा विमानतळ आहे, त्याला आजही मोटन फील्डच म्हणतात, आणि छोटी विमानं तिथं अजून उतरतात.